मावशीला दर सांगायचा कसा?

"या वयात धंदा? झेपेल का?" हे मला पहिल्या वर्षी निदान वीस जणांनी विचारलं. वय सत्तेचाळीस. एका खासगी कंपनीत बावीस वर्षं हिशेब लिहिले, मग ऑफिस पुण्याबाहेर हललं आणि मी घरी बसले. शिवण लग्नाआधीपासून येत होतं, त्यामुळे काम झेपलं. अडलं ते ओळखीच्या माणसाकडे पैसे मागताना.

मी शिवलेल्या नऊवारी करते. गिऱ्हाईक साडी आणून देतं, मी निऱ्या, काष्टा पक्का करून, कमरेला नाडी आणि हूक लावून देते. पाच मिनिटांत नेसून होते. कोथरूडच्या घरातल्या मागच्या खोलीत मशीन, दिवाणावर कापड, एवढाच कारखाना.

सुरुवातीला दर विचारला की मी म्हणायचे, "द्या हो काहीतरी." नणंद, मावसबहीण, सोसायटीतल्या काकू, सगळ्यांना साडेतीनशे. एका रात्री जुन्या सवयीने वहीत मांडलं. शिलाई ३५०. अस्तर, हूक, लेस, दोरा मिळून ११०. उरले २४०. एका साडीला लागले साडेचार तास. म्हणजे तासाला त्रेपन्न रुपये, आणि त्यात रविवार पेठेत सामान आणायला गेलेली दुपार धरलेलीच नव्हती. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताईंचा तासाचा हिशेब यापेक्षा बरा पडतो. तुम्ही काहीही सुरू करा, मसाले, पोळ्या, शिकवण्या, पहिल्या दहा कामांचे तास घड्याळ बघून लिहा. अंदाजाने लिहिलेले तास नेहमी कमी भरतात.

दुसऱ्या दिवशी दरपत्रक छापून आरशाशेजारी चिकटवलं. साधी नऊवारी, अस्तराची, लहान मुलींची, तातडीची, प्रत्येकीचा आकडा वेगळा. तोंडाने सांगताना आवाज पडतो, कागदाचा पडत नाही. मावशी आली, चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाली, "अगं, मलापण हाच?" मी म्हटलं, "तुला तातडीचे जादा नाही लावत." ती आठवडाभर बोलली नाही. मग दोन साड्या घेऊन आली.

अर्धे पैसे आधी घेते. हेही उशिरा शिकले.

फजितीही सांगते. एका मुंजीच्या आईची नऊवारी मी तिला उभं करून माप घेऊन शिवली. घालून बघितली तेव्हा झकास बसली. मातृभोजनाला ती पाटावर बसली आणि काष्ट्याची शिवण टर्रकन उसवली. तिने शालीने झाकून वेळ निभावली, मी शिलाईचे सगळे पैसे परत केले. तेव्हापासून माझ्याकडे पाट आहे. प्रत्येकीला मांडी घालून बसवते आणि पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत टेप फिरवते. बायका हसतात, हसू देत. आणि पैठणीला मी कात्री लावत नाही. न कापता आतून टीप घालते. वेळ जास्त लागतो, म्हणून दरही जास्त.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. एकटीचा धंदा म्हणजे एकल मालकी, पॅन आपलंच चालतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधार नंबरवर ऑनलाइन होते आणि ती फुकट आहे. त्यासाठी दोन हजार मागणाऱ्याला नमस्कार करा. शॉप अ‍ॅक्टची, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखालची, ऑनलाइन सूचना द्यायची, पावती मिळते. या दोन कागदांवर माझं चालू खातं उघडलं. शिवणकामासारख्या सेवेला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. खाद्यपदार्थ करणार असाल तर मात्र एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी पहिल्या दिवसापासून हवी. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण मी मशीन एफडी मोडून घेतलं. पहिलं वर्ष हप्त्याशिवाय गेलं, त्यामुळे झोप लागायची.

वयाचं म्हणाल तर गुडघ्यांपेक्षा डोळे जास्त छळतात. काळ्या चंद्रकळेवर काळा दोरा चाळिशी लावूनही दिसत नाही, म्हणून मशीनवर एलईडी बसवला. अंगातून गरम वाफा निघतात त्या दिवशी पंखा लावावा तर निऱ्या उडतात. त्या दिवशी मी फक्त हूक लावते.

या कामाचं पंचांग वेगळं आहे. आषाढ कोरडा जातो. श्रावणात मंगळागौरीचे गट एकाच रंगाच्या आठ-आठ साड्या आणतात, पाठोपाठ गौरी-गणपती. पितृपक्षात पुन्हा शुकशुकाट. कोरड्या महिन्यांसाठी प्रत्येक बिलातले थोडे पैसे मी दुसऱ्या खात्यात टाकते. घरच्यांना वाटतं आई घरीच आहे. म्हणून दारावर "११ ते ५ काम चालू" अशी पाटी लावली आहे. मुलगा अजूनही साडेबाराला डबा कुठे म्हणून विचारतो. पाटीकडे बोट दाखवते.

यंदा गौरींच्या ऑर्डरी नागपंचमीला बंद केल्या. चार दिवसांनी नणंदेचा फोन आला, "माझी एकच आहे गं." तिचं नाव पुढच्या वर्षीच्या वहीत पहिलं लिहिलंय, अर्ध्या पैशांसकट.