कमी खर्चात लाकडी जाळीकाम : स्क्रोल सॉच्या छंदाची सुरुवात कशी करावी

लाकडात नक्षी कापण्याची हौस निर्माण झाली की बहुतेकांची पहिली चौकशी स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पाते वर-खाली चालवून नक्षी कापणाऱ्या यंत्राची असते आणि किंमत कळल्यावर हौस तिथेच विरते. वास्तविक कापण्याचे काम पाच इंच लांबीचे एक बारीक पाते करते आणि तेच पाते हाताने चालवायच्या फ्रेट सॉमध्येही बसते. त्यामुळे नवख्या माणसाने आधी काही शे रुपयांची हातकरवत घ्यावी, बचत झालेले पैसे चांगल्या पात्यांवर खर्च करावेत आणि यंत्राचा विचार हात बसल्यावर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेली पाती पुढे यंत्रातही चालतात, त्यामुळे तो खर्च वाया जात नाही.

हार्डवेअरच्या दुकानात फ्रेट सॉ मिळाली नाही, तर सोनारकामाची अवजारे विकणाऱ्या दुकानात चौकशी करावी. तिथली करवत याच कुळातली असते. मात्र तिची कमान, म्हणजे पाते ताणून धरणारी चौकट, उथळ असल्याने मोठ्या फळीच्या मध्यापर्यंत पोहोचता येत नाही, आणि तिची पाती धातूसाठी बनवलेली असल्याने लाकडाच्या भुशाने लवकर चोंदतात. म्हणून कमान तिथून घेतली तरी पाती लाकडाचीच मागवावीत. पात्यांवरील क्रमांक जितका मोठा, तितके पाते जाड. तीन ते सहा मिलिमीटरच्या प्लायवूडसाठी ३ आणि ५ हे दोन क्रमांक पुरेसे होतात. पाती डझनाने घ्यावीत, कारण ती तुटतातच.

बसण्याची सोय घरीच करता येते. एका जाड फळीला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून ती टेबलाच्या कडेबाहेर येईल अशी क्लॅम्पने घट्ट बसवावी. काम या खाचेवर ठेवायचे, करवतीची मूठ खाली धरायची आणि पात्याचे दात मुठीकडे वळलेले ठेवायचे, म्हणजे हात खाली ओढताना लाकूड फळीवर दाबले जाऊन कापले जाते. पाते इतके ताणावे की नखाने छेडल्यावर स्वच्छ आवाज यावा. ढिले पाते वळणावर वाकते आणि कापाची कड तिरपी होते.

लाकडासाठी पैसे मोजण्याची सुरुवातीला गरज नाही. फर्निचर बनवणाऱ्या सुतारांकडे प्लायवूडचे तुकडे पडून असतात आणि वखारीत सागाच्या चिपा स्वस्तात मिळतात. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत मालाबरोबर येणाऱ्या पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी तळाच्या) फळ्या विचारून घेता येतील, पण त्यांवरचा शिक्का आधी वाचावा. एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले लाकूड, ते वापरण्यास हरकत नाही. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते घेऊच नये. खिळे उपटल्याखेरीज पॅलेटला करवत लावू नये, हे सांगायला नकोच. सोलापूरच्या उन्हाळ्यात पातळ फळी पाहता पाहता वाकते, म्हणून पहिली कामे प्लायवूडवरच करावीत.

नक्षी निवडताना सोलापुरी चादरीची आठवण येणे साहजिक आहे. जॅकार्ड मागावर विणलेल्या त्या पायऱ्यापायऱ्यांच्या आकृत्या कागदावर उतरवायला सोप्या वाटतात, परंतु कापायला त्या अवघड आहेत: प्रत्येक पायरी काटकोनाची असल्याने किंचित चूकही डोळ्यांत भरते. पाने, वेली, नंदी यांच्या वळणदार रेषा चूक पोटात घालतात. म्हणून आधी वेलबुट्टी, चादर नंतर.

लाकडावर आधी मास्किंग टेप लावून त्यावर नक्षीचा कागद चिकटवावा, म्हणजे काम झाल्यावर तो टेपसह निघतो. यंत्रावर जाड किंवा कठीण लाकूड कापताना वरून पारदर्शक पॅकिंग टेपचा एक थर द्यावा. त्याने कड जळून काळी पडण्याचे प्रमाण कमी होते. आतल्या प्रत्येक पोकळीत टाकाऊ भागात छिद्र पाडावे, पात्याचे एक टोक सोडवून छिद्रातून ओवावे आणि पुन्हा ताणून बसवावे. आतल्या पोकळ्या आधी, बाहेरची कड शेवटी, हा क्रम मोडू नये, कारण बाहेरची कड आधी कापली तर धरायला लाकूडच उरत नाही. रेषेवरून नव्हे, तर रेषेला लागून टाकाऊ बाजूने कापावे. कोपऱ्यावर पाते जागच्या जागी वर-खाली चालू ठेवून लाकूड त्याच्याभोवती हळूहळू फिरवावे; पाते पुढे रेटले की तुटलेच समजा.

यंत्र घ्यायची वेळ आली, तर वेगाच्या आकड्यांपेक्षा पाते पकडण्याची पद्धत पाहावी. काही स्वस्त यंत्रांत फक्त टोकाला पिन असलेली पाती बसतात. ती पिन बारीक छिद्रातून जात नसल्याने नाजूक जाळी करताच येत नाही. साधी, बिनपिनेची पाती बसणारे जुने यंत्रही नव्या पिनवाल्यापेक्षा बरे. परदेशातून आणलेले यंत्र ११० व्होल्टचे नाही ना, याची खात्री करावी, कारण आपल्याकडचा पुरवठा २३० व्होल्टचा आहे. यंत्र जड टेबलाला बोल्टने आवळून खाली जुन्या ट्यूबचे रबर घातले की थरथर बरीच कमी होते. टेबलावरील अंशांच्या खुणांवर विसंबू नये. पाते काटकोनात आहे की नाही, ते गुण्या (काटकोन तपासायचे सुतारी अवजार) लावूनच तपासावे.

भुसा फुप्फुसाला घातक असतो, विशेषतः एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या फळीचा. मास्क आणि चष्मा यांच्यात काटकसर करू नये. शेवटी बारीक पॉलिश पेपरने कडा घासून जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. मात्र तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशी चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळवावी आणि मगच कचऱ्यात टाकावी.