अ‍ॅपियममध्ये टॅप का लागत नव्हता: माझा अनुभव

अँड्रॉइड अ‍ॅपची लॉगिन टेस्ट मी अ‍ॅपियममध्ये (मोबाइल अ‍ॅप आपोआप तपासणारं साधन) लिहिली होती. ती लॅपटॉपवर नीट पास व्हायची आणि सर्व्हरवर मधूनच फेल. स्क्रीनशॉटमध्ये ‘पुढे जा’ बटण स्पष्ट दिसत होतं, तरी टॅप लागत नव्हता. पेज सोर्स, म्हणजे स्क्रीनवरच्या घटकांची झाडासारखी यादी (ट्री), उघडल्यावर कारण कळलं: बटण ट्रीमध्ये आलेलं होतं, पण त्याच्यावर पारदर्शक लोडर (लोड होईपर्यंत स्क्रीन झाकणारा थर) पसरलेला होता. टॅप जात होता तो लोडरवर. ‘बटण क्लिकेबल होईपर्यंत थांब’ अशी अट लावूनही भागत नाही, कारण ती बटण दिसतंय आणि एनेबल्ड आहे एवढंच बघते. वर काय झाकलंय ते नाही.

म्हणून जागोजागचे ५ सेकंदांचे स्लीप (ठरावीक वेळ नुसतं थांबणं) काढले आणि वेबड्रायव्हरवेटने (अट पूर्ण होईपर्यंतच थांबणारी सोय) आधी लोडर जाण्याची, मग बटणाची वाट बघितली. मर्यादा २० सेकंद. अट साधारण दर ५०० मिलिसेकंदांनी तपासली जाते, त्यामुळे स्क्रीन लवकर आली की टेस्ट लगेच पुढे सरकते. इम्प्लिसिट वेट (घटक सापडला नाही तर शोध किती वेळ चालू ठेवायचा ते) मात्र शून्यावरच ठेवा. नाहीतर लोडर गेल्यावरही त्याचा शोध तेवढा वेळ उगाच चालू राहतो.

सतत फिरणारं अ‍ॅनिमेशन असेल तर आणखी छळ होतो. यूआयऑटोमेटर२ (अ‍ॅपियमचा अँड्रॉइडसाठीचा ड्रायव्हर) स्क्रीन शांत होण्याची वाट बघतो, डीफॉल्ट १० सेकंदांपर्यंत. त्या स्क्रीनपुरतं वेटफॉरआयडलटाइमआउट (ही वाट बघण्याची मर्यादा) कमी केलं आणि टेस्ट झपाझप चालू लागली.

हे सगळं जमलं ते डेव्हलपरनी लोडरला स्वतंत्र रिसोर्स आयडी (टेस्टला घटक ओळखता येईल असं नाव) दिला म्हणून. तो आधीच मागून घ्या.