गोळा तेवढाच, पोळी मोठी

प्रदर्शनाला तीन दिवस राहिले होते. प्रिंटवाल्याने माझी फाइल उघडली, झूम केली आणि म्हणाला, "मॅडम, हे फाटतंय."

बारा चित्रं होती, सगळी आयपॅडवर काढलेली. नवीन फाइल घेताना समोर दिसेल तो 'स्क्रीन साइज' कॅनव्हास मी घेत गेले, म्हणजे २७३२ × २०४८ पिक्सेल. छापायचं होतं २४ × १८ इंचांवर, आणि त्या मापाच्या फ्रेमा मी आधीच करून ठेवल्या होत्या! "पण डीपीआय ३०० केलाय की," मी म्हटलं. (डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके तो आकडा.) प्रिंटवाला नुसता हसला.

या एका गोष्टीवर मी जरा जास्तच बोलणार आहे. डीपीआयच्या चौकटीत ७२ खोडून ३०० लिहिल्याने एकही नवा पिक्सेल येत नाही. कणकेचा गोळा तेवढाच असतो, पोळी मोठी लाटली की फाटणारच. भागाकार करा: २७३२ भागिले २४, म्हणजे इंचाला जेमतेम ११४ पिक्सेल. ३०० हवे असतील तर २४ इंचांना ७२०० पिक्सेल लागतात आणि १८ इंचांना ५४००. लांबून बघायच्या चित्राला २०० चालतात, मी नंतर तशी चित्रं टांगलीही आहेत. पण हे गणित पहिली रेघ मारायच्या आधी करायचं. सॉफ्टवेअरने मोठं करून बघितलं, तर आजीच्या चेहऱ्यावर मी न काढलेल्या पापण्या उगवल्या.

शेवटी चित्रं ९ × ७ इंचांत छापली आणि भोवती हातभर माउंट, म्हणजे फ्रेमच्या आतली पुठ्ठ्याची चौकट, घातला. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीएवढी चित्रं. एका काकांनी विचारलं, "भिंग ठेवलंय का?" तरी दोन विकली गेली, तेव्हा धीर सोडू नका.

रंगांचं थोडक्यात: स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा-निळा शाईत मरतो. तळहाताएवढा तुकडा आधी छापून बघा. प्रती किती काढणार ते आधी ठरवा, खाली पेन्सिलीने ३/१० (दहांतली तिसरी) असं लिहा, आणि अकरावी काढू नका. कोणी कितीही गळ घातली तरी. "प्रिंटच ना, मग एवढे पैसे?" हे ऐकावं लागेलच. वाद घालू नका, पाणी विचारा.

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२पासून सगळ्यांच्याच स्वप्नात आहे. अर्ज जरूर करा, पण वाट बघत घरी बसू नका. चौघांनी मिळून भाडं भरून छोटं दालन घेतलं तरी भिंतीवर चित्र लावायचा हात बसतो.

घरभाडं मात्र प्रदर्शनांतून निघत नाही. माझं निघतं ते लग्नात टॅबवर व्यंगचित्रं काढून आणि शिकवून. लग्नात एका चेहऱ्याला सहा मिनिटं धरा, तासाला दहा, चार तासांत चाळीस. यजमानांना हा आकडा आधीच सांगा, नाहीतर दोनशे पाहुण्यांची रांग लागते आणि शिव्या तुम्हाला. निम्मे पैसे आधी. आणि प्लगपाशी टेबल.

शिकवणीत पालकांचा पहिला प्रश्न, "कुठला आयपॅड घेऊ?" कुठलाच नको. घरचा कम्प्युटर, साधा पेन टॅब्लेट आणि क्रिता हे चित्रं काढायचं फुकटचं सॉफ्टवेअर यांवर पहिलं वर्ष आरामात जातं. सॉफ्टवेअरमधल्या ब्रशचे पॅक विकत घेणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे, ते असो. आणि विद्यार्थ्याच्या चित्रावर स्वतःच रेघा मारून 'बघ, असं' म्हणणारे सर मला कधीच आवडले नाहीत. मी दुरुस्ती वेगळ्या लेअरवर करते, म्हणजे चित्रावर पारदर्शक कागद ठेवावा तशी. विद्यार्थ्याला नको असेल तर त्याने त्या लेअरपुढचा डोळा मिटावा, की ती दिसत नाही.

पहिल्या तासाला चित्र नाहीच, भागाकार. गेल्या रविवारी एक मुलगा कुरकुरला, "मॅडम, कॅनव्हास एवढा मोठा घेतला की लेअर मोजकेच मिळतात."

पुरतात. खालचे एकत्र कर आणि पुढे चल.