जुनी डब्ल्यू १२४ मर्सिडीज घेताना आणि सांभाळताना

मर्सिडीज-बेन्झची डब्ल्यू १२४ ही गाडी १९९५ पासून पुण्यात जोडली जाऊ लागली आणि त्यांतील पेट्रोलवरची ई २२० आजही अधूनमधून विक्रीस येते. ती पाहताना रंगाच्या चकाकीपेक्षा इंजिनाच्या वायरिंगकडे आधी लक्ष द्यावे. नव्वदच्या दशकातील पूर्वार्धात या इंजिनांच्या तारांना दिलेले आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते, तारा एकमेकींना टेकतात आणि त्यातून इंजिनाचे नियंत्रण करणारे महागडे इलेक्ट्रॉनिक भागही जळू शकतात. म्हणून कनेक्टरजवळचे वेष्टन हलकेच मागे सरकवून आतील तारा तपासाव्यात. आवरणाला तडे दिसल्यास चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नये, पूर्ण संचच बदलावा आणि तो खर्च गाडीच्या किमतीतून वजा करून घ्यावा.

दरवाज्यांखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांआड, जॅक लावण्याच्या जागी, गंज लपलेला असतो. कोकणपट्टीत वापरलेल्या गाडीच्या पट्ट्या काढून पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, नळाचे पाणी घालण्याची गॅरेजांतील सवय ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडला घातक ठरते. कंपनीने मान्य केलेले कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी समप्रमाणात वापरावे, तसेच रेडिएटरचे प्लॅस्टिकचे तोंड तडकले आहे का, हेही पाहावे. ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदलावे.

पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. पैसे देण्यापूर्वी तिची मुदत आणि पर्यावरण कराची पावती तपासावी.