भाजीच्या टोपलीची वर्गणी भरण्यापूर्वी

शेतातून थेट घरी येणाऱ्या भाजीची वर्गणी भरण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाने सर्वांत आधी एक प्रश्न कागदावर लिहावा आणि त्यापुढे घरातल्या एका माणसाचे नाव लिहावे: टोपली येईल त्या दिवशी भाजी निवडणार कोण? दर, सेंद्रियतेचे प्रमाणपत्र, गाडीची वेळ यांची चौकशी लोक हौसेने करतात आणि आम्हीही केली होती. निवडणाऱ्याचे नाव मात्र ठरले नव्हते, त्यामुळे मेथी, शेपू आणि चाकवताच्या जुड्या पिशवीतच पिवळ्या पडल्या व ती वर्गणी मध्येच सोडावी लागली. पुढची यादी म्हणूनच समतोल नाही.

भाजी किती लागते, हे अंदाजाने सांगू नये. वर्गणी भरण्यापूर्वी दोन-तीन आठवडे घरात आलेली प्रत्येक भाजी नाव आणि वजनासह लिहून काढावी, आणि त्यातली किती टाकली तेही लिहावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत २००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. त्या हिशेबाने चार प्रौढांच्या घराला आठवड्याला ११ किलोंहून अधिक भाजी लागेल. परंतु ज्या घरातले दोघे दुपारी कामाच्या ठिकाणी जेवतात आणि मुले भेंडी-बटाट्यापलीकडे जात नाहीत, त्या घराने हा आकडा धरून मोठी टोपली मागवली, तर आहार सुधारत नाही, केवळ ओला कचरा वाढतो. शिवाय टोपलीचे वजन म्हणजे पोटात जाणारे वजन नव्हे. मटाराच्या किलोभर शेंगांतून निम्म्याहून कमी दाणे निघतात, मेथीच्या जुडीतली मुळे आणि जाड देठे बाजूला गेल्यावर हाती येते ती भाजी कढईत गेल्यावर आणखी आळते. लहान टोपलीपासून सुरुवात करावी, एवढे येथे पुरे.

आता हंगामाविषयी, कारण खरी गोम तेथे आहे. पुण्यासारख्या शहरात मुळशी, पुरंदर किंवा जुन्नरकडून येणारी टोपली डिसेंबर-जानेवारीत सर्वांत सुंदर दिसते. मेथी, पालक, शेपू, चाकवत, करडई, हरभऱ्याचा पाला, कांद्याची पात, मटार, पावटे आणि तुरीच्या शेंगा एकाच वेळी येतात, आणि नेमके तेव्हाच ती पाहून लोक वर्षभराचे पैसे भरतात. ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू निवडावी, खुडावी किंवा सोलावी लागते. उन्हाळ्यातली टोपली दुधी, भेंडी, काकडी, दोडका आणि लाल भोपळ्याची असते. ती दिसायला साधी, पण तिला हात कमी लागतात. म्हणजे टोपली जितकी चांगली, तितके घरातले काम अधिक. मंडईत किंवा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे सोललेला मटार आणि निवडलेली मेथी चार पैसे जास्त देऊन मिळते, आणि ते चार पैसे कशाचे होते हे टोपली घरी आल्यावर कळते.

पावसाळ्यात पालेभाजी चिखलाने माखलेली आणि ओली येते, म्हणून ती धुण्याआधी आणि धुतल्यानंतर अशी दोनदा पसरून वाळवावी लागते. काही शेतकरी या दिवसांत रानभाज्या देतात आणि त्या अवश्य घ्याव्यात, मात्र त्यांची रीत आधी विचारून घ्यावी: भारंगीचा पाला उकडून त्याचे कडू पाणी टाकावे लागते, आणि शेवळांना काकड या आंबट रानफळांची किंवा चिंचेची जोड दिली नाही तर घसा खाजतो. आषाढी एकादशीपासून चातुर्मास पाळणाऱ्या घरांनी कांदा, लसूण आणि वांगी यांचे काय करायचे हे शेतकऱ्याला आधीच सांगावे. पावसाळ्यात वांगी भरपूर निघतात, आणि चंपाषष्ठीच्या भरितापर्यंत ती घरात कोणी खाणार नसेल, तर बदली भाजी मिळेल का हे वर्गणी भरताना विचारायचे असते, श्रावणात नव्हे. मागील वर्षी कोणत्या महिन्यात काय दिले, याची यादी शेतकऱ्याकडे लेखी मागावी. जानेवारीची पाहू नये. मे आणि ऑगस्टची पाहावी.

पुन्हा मूळ मुद्दा. टोपली कोणत्या वारी आणि किती वाजता येणार, हे विचारून त्या संध्याकाळी घरात दीड-दोन तास मोकळे कोण आहे ते पाहावे. मोकळे म्हणजे खरोखर मोकळे. मुलांचा अभ्यास घेत, फोनवर बोलत आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत चाकवत निवडला जात नाही. स्वयंपाकाच्या मावशी करतील असे मनाशी धरू नये. त्यांचा वेळ पोळ्या आणि दोन भाज्या एवढ्यासाठीच ठरलेला असतो. निवडण्याचे काम वाढवायचे असल्यास त्यांना आधी विचारावे आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत. सासूबाईंना किंवा आजोबांना तेवढाच विरंगुळा होईल, हे वाक्य तर घरात उच्चारूच नये. ज्यांच्या गुडघ्यांना आणि बोटांना हे काम पडणार आहे, त्यांनी स्वतः होकार दिला तरच त्यांचे नाव कागदावर लिहावे. जे पुरुष उत्साहाने वर्गणी भरतात, त्यांनी आपले नाव सर्वांत वर लिहावे, ही माझी सूचना काही घरांत नापसंत होईल. नाव लिहिता येत नसेल, तर पुढचे वाचण्याची गरज नाही. वर्गणी घेऊ नये.

नाव ठरले असेल, तर वार बदलून मिळतो का ते विचारावे. सुटीच्या आदल्या संध्याकाळी येणारी टोपली नोकरदार घराला सोयीची असते, सोमवारची जवळजवळ कधीच नसते. आल्याबरोबर पालेभाजी निवडून, कोरडी करून, सुती कापडात गुंडाळून ठेवली तर ती आठवडा काढू शकते. तीच ओल्या मातीसह प्लास्टिकच्या पिशवीत राहिली तर दोन-तीन दिवसांत सडते. मुळा आणि गाजराचा पाला त्याच दिवशी कापून वेगळा करावा, अन्यथा तो मुळांतले पाणी ओढतो आणि ती मऊ पडतात. त्याच दिवशी हे शब्द मी मुद्दाम वापरते आहे. दुसऱ्या दिवशी काम दुप्पट होते आणि तिसऱ्या दिवशी कोणीच करत नाही.

सेंद्रियतेविषयी लोक अतिशय श्रद्धेने किंवा अतिशय संशयाने बोलतात. दोन्हींची आवश्यकता नाही. आपल्याकडे दोन मुख्य पद्धती आहेत. एक राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालील, जिच्यात बाहेरची संस्था तपासणी करते, आणि दुसरी सहभाग हमी पद्धती, जिच्यात शेतकऱ्यांचा गटच एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो. रासायनिक शेती सोडल्याबरोबर प्रमाणपत्र मिळत नाही, मध्ये रूपांतराचा काळ जावा लागतो. त्यामुळे यंदाच सुरुवात केलेल्या शेतकऱ्याने पूर्ण सेंद्रियतेचा दावा केला तर कागद मागावा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांत वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या आणि थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकांना प्रमाणीकरणातून सूट दिलेली आहे. म्हणून कागद नाही एवढ्यावरून कोणाला खोटे ठरवू नये, पण अशा वेळी शेतावर जाऊन यावे. विषमुक्त, नैसर्गिक, गावरान असे शब्द पिशवीवर छापायला कोणाची परवानगी लागत नाही. आणखी एक गोष्ट: फवारणी न केलेल्या फ्लॉवरात अळी निघते आणि शेंगांवर मावा असतो. मिठाच्या पाण्यात भाजी बुडवून ठेवणे हे निवडण्याच्याच कामात धरावे. अळी पाहून ज्या घरात संपूर्ण गड्डा कचऱ्यात जातो, त्या घराने आधी आपला स्वभाव तपासावा.

दराची तुलना घाऊक बाजाराशी करणे अन्यायाचे आहे. ती शेतकरी आठवडे बाजाराशी करावी. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला, आणि त्याच वर्षापासून संत सावता माळी यांच्या नावाने आठवडे बाजाराचे अभियान सुरू झाले. असा बाजार घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर भरत असेल, तर वर्गणीची गरज आहे का, हे प्रामाणिकपणे पाहावे. तेथेही शेतकरीच भेटतो, आणि ज्या आठवड्यात वेळ नाही त्या आठवड्यात मेथी न घेण्याचे स्वातंत्र्य आपल्याकडे राहते. टोपलीत ते नसते. निवडायला माणूस नसलेल्या घरासाठी हा फरक दरापेक्षा मोठा आहे.

कराराच्या अटी लेखी घ्याव्यात. आगाऊ पैसे देऊन शेतकऱ्याची जोखीम वाटून घेण्याची अशी रीत जपानमध्ये १९७० च्या दशकापासून रुजलेली आहे आणि तिचा अर्थ सरळ आहे: गारपीट झाली, तर टोपली हलकी येणार आणि पैसे परत मागायचे नाहीत. हे मान्य नसेल, तर दर आठवड्याला पैसे देण्याची पद्धत शोधावी आणि शेतकऱ्याशी वाद घालू नये. दिवाळी, उन्हाळ्याची सुटी आणि गावची जत्रा या काळात टोपली थांबवता येते का, किती दिवस आधी कळवावे लागते आणि थांबवलेल्या टोपल्या पुढे मिळतात की बुडतात, एवढे तीन प्रश्न विचारावेत.

बाकीचे थोडक्यात. फ्रिजमध्ये जागा करावी. सुती पिशव्या शिवून घ्याव्यात, जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या चालतात. पहारेकऱ्याकडे टोपली ठेवू देतील का, हे सोसायटीत विचारावे. रिकामी टोपली परत करायची असते. कांदे-बटाटे एकत्र ठेवू नयेत, हे सर्वांना माहीत आहे. अर्धी टोपली शेजारच्यांशी वाटून घेता येत असेल तर उत्तम, मात्र त्यांच्या वाट्याची भाजीही आपणच निवडून द्यायची असे ठरवू नये. चाचणी म्हणून एका महिन्याचे पैसे भरावेत, तो महिना ऐन थंडीतला निवडावा आणि पावती घ्यावी.