झिगझॅग टाका: दोन चकत्या आणि एक चिंधी

झिगझॅगची सोय असलेलं शिलाई मशीन घरात असूनही कितीतरी जणी वर्षानुवर्षं त्यावर सरळ टीपच मारतात. ब्लाउजच्या आतल्या शिवणीतून दशा निघत राहतात, लेगिंगची शिवण बसताना उसवते आणि साडी पिकोसाठी चौकातल्या दुकानात जाते. ही तिन्ही कामं घरी होतात. त्यासाठी मशीनवरच्या दोन चकत्यांशी ओळख करून घ्यावी लागते, एवढंच.

आधी आपलं मशीन झिगझॅग करतं का ते बघा. आजीच्या काळातलं काळं पायमशीन बहुतेक सरळ टिपेचंच असतं. त्याची सुई फक्त वर-खाली होते. झिगझॅगची सुई डावी-उजवीकडेही झुलते, म्हणून सुईखालच्या पत्र्यात बारीक गोल छिद्राऐवजी आडवी फट असते. कापड दाबून धरणाऱ्या फूटलाही तशीच रुंद फट हवी. मी पहिल्यांदा झिगझॅग लावला तेव्हा सरळ टिपेचा फूट तसाच राहिला होता. पायडल दाबलं, कट्कन आवाज आला आणि सुईचं टोक चष्म्याच्या काचेवर आदळलं. तेव्हापासून पायडलवर पाय ठेवण्याआधी मी हातचाक स्वतःच्या दिशेनं फिरवून दोन टाके हातानंच घालून बघते. सुई दोन्ही बाजूंना कुठेही न घासता खाली गेली, की पुढचं काम.

आता चकत्या. एक रुंदीची: सुई किती बाजूला जाईल ते ती ठरवते. घरगुती मशीनवर ती साधारण 0 ते 5 मिलिमीटर असते. दुसरी लांबीची: खालचे दाते दर टाक्याला कापड किती पुढे सरकवतील ते तिच्यावर अवलंबून, साधारण 0 ते 4. रुंदी 0 केली की झिगझॅगची सरळ टीप होते. लांबी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत खाली नेली की टाके एकमेकांना चिकटून भरीव पट्टी तयार होते. झिगझॅगची सगळी कामं या दोन आकड्यांच्या जोड्यांवर चालतात.

त्या जोड्या पाठ करू नका, चिंधीवर उतरवा. सुती कापडाचा वीतभर तुकडा दुहेरी घ्या. रुंदी 4 वर ठेवून लांबी 3, 2, 1 आणि अर्धा अशा ओळी मारा. मग लांबी 2 ठेवून रुंदी बदलत न्या. प्रत्येक ओळीशेजारी बॉलपेननं आकडे लिहा. आकडे सगळ्या मशीनवर हुबेहूब जुळत नाहीत, त्यामुळे खाली दिलेले माझे आकडेही तुमच्या चिंधीवर तपासूनच वापरा. ही चिंधी मशीनच्या खणात कायम राहू द्या. आणि एक पथ्य: सुई कापडात रुतलेली असताना रुंदीची चकती फिरवू नका, सुई वाकते.

चिंधी उलटून बघा. खाली वरचा दोरा टोकाटोकाला किंचित दिसला तर चालेल. खालचा, बॉबिनचा दोरा मात्र वर येता कामा नये. आला, तर वरचं टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण, अर्धा-एक आकडा सैल करा. साध्या सुती कापडाला 14 नंबरची सुई, जॉर्जेट-शिफॉनला 11, जीन्सला 16.

सगळ्यात जास्त उपयोग कापलेल्या कडांना. हे कामही जुनंच आहे: अमेरिकेतल्या हेलन ब्लँचर्ड या बाईंना झिगझॅग शिवणाऱ्या मशीनचं पेटंट 1873 मध्ये मिळालं होतं. रुंदी 4 आणि लांबी 2 ठेवा. कापड असं धरा की डावा टाका कापडात पडेल आणि उजवा कडेच्या जेमतेम बाहेर. दोरा कडेला वळसा घालतो आणि दशा अडकून राहतात. दोन्ही टाके कापडाच्या आत पडले तर कड उघडीच राहते, आणि दोन-तीन धुण्यांत टाक्यासकट सुटून येते. पातळ कापडाची कड आत गोळा होऊन नळी होत असेल तर रुंदी 3 वर आणा, टेन्शन थोडं सैल करा. तरीही ऐकलं नाही तर खाली वहीचा कोरा कागद धरून शिवा आणि नंतर कागद फाडून काढा.

ब्लाउजच्या बाजूच्या शिवणींना दोन्ही कडा एकत्र झिगझॅग करायचा मोह होतो, कारण काम निम्म्यावर येतं. पण आपण तिथे पुढे सैल करायला इंचभर कापड सोडतो ना? मग दोन्ही कडा वेगवेगळ्या करा, म्हणजे शिवण उसवून कापड उलगडता येईल. टेलरकडच्या इंटरलॉकसारखं हे दिसणार नाही, तिथलं मशीन तीन दोऱ्यांनी विणतं आणि जादा कड कापतही जातं. आतल्या बाजूला कोण बघतंय!

साडीचा पिको हा याच टाक्याचा नाजूक भाऊ. पिको फक्त कापलेल्या दोन टोकांना लागतो, लांबीचे काठ विणलेलेच असतात. टोक आधी कात्रीनं सरळ करा, लोंबणारे दोरे काढून टाका. रुंदी 3, लांबी 1, सुई 11, दोरा साडीच्या रंगाचा. उजवा टाका कडेच्या पूर्ण बाहेर, हवेत पडू द्या. डावीकडे परत येताना दोरा कड ओढून घेतो आणि तलम कापड आपोआप आत वळतं. सुरुवातीला दोऱ्यांची टोकं मागे हातानं धरून ठेवा, नाहीतर मशीन कोपरा गिळतं. जॉर्जेटवर हे सुरेख जमतं. जाड सुती साडीची कड मात्र अशी वळत नाही. तिला बारीक दुमड घालून त्यावर झिगझॅग मारा. रेशमी किंवा भारी साडी पहिल्या प्रयत्नाला घेऊ नका, जुन्या ओढणीवर हात बसवा.

टी-शर्ट, लेगिंग अशा ताणणाऱ्या कापडाला सरळ टीप टिकत नाही, कारण कापड ताणतं पण दोरा ताणत नाही. तिथे रुंदी 1 आणि लांबी अडीच. वरून ती टीप जवळजवळ सरळच दिसते, पण तिच्यात ताणायला जागा असते. टाके सुटत असतील तर मशीनवर राग काढू नका; होजियरीसाठी गोल टोकाची सुई मिळते, ती लावा. साधी सुई विणीचे धागे टोचून तोडते, गोल टोकाची त्यांना बाजूला सारते.

इलॅस्टिक थेट कापडावर लावायचं असेल तर इलॅस्टिक आणि कंबर दोन्हींचे चार-चार भाग करून खुणा करा, खुणेला खूण टाचा. रुंदी 4, लांबी अडीच-तीन. शिवताना इलॅस्टिक कापडाइतकंच ताणा आणि पुढे-मागे दोन्हीकडे धरा. नुसतं मागून ओढलंत तर सुई वाकून पत्र्यावर आपटेल.

ठिगळ लावताना किंवा मुलांच्या फ्रॉकवर कापडी फूल बसवताना भरीव टाका लागतो: रुंदी 3, लांबी अर्धा. इथे खरी कसोटी वळणावर आणि कोपऱ्यावर असते. फूट उचलून कापड फिरवण्याआधी सुई कापडात असावी, आणि बाहेरच्या वळणावर ती फुलाच्या बाहेरच्या बाजूला. उलट केलंत तर पाकळीच्या टोकाला टाक्यांमध्ये फट पडते. आतल्या खाचेत याच्या उलट, सुई फुलाच्या आत.

बटण लावायलाही हाच टाका. दाते खाली घ्यायची सोय असेल तर घ्या, नसेल तर लांबी 0 करा. बटण फूटखाली धरून रुंदी त्याच्या दोन भोकांतल्या अंतराएवढी ठेवा. हातचाक फिरवून सुई एकदा डाव्या, एकदा उजव्या भोकात नीट जातेय ना बघा, मग हळूहळू आठ-दहा टाके. संपवताना सुई वर घेऊन रुंदी 0 करा, एकाच भोकात तीन टाके घाला, वरचा दोरा उलट बाजूला ओढून बॉबिनच्या दोऱ्याशी गाठ मारा.