उन्हाळ्यातली थंडगार झणझणीत कोशिंबीर, पाणी न सुटणारी

एप्रिल लागला की नाशकात दुपारी गरम भाजी-आमटी खायची इच्छाच होत नाही, पारा 40 च्या आसपास गेलेला असतो आणि घरातले सगळे नुसतं ताक मागतात. अशा वेळी मी ताटात डाव्या बाजूला ही कोशिंबीर वाढते, गार एकदम, पण तिखट. पिठलं-भाकरी किंवा मसालेभातासोबत तर अप्रतिम लागते.

चौघांसाठी 2 काकड्या, 1 गाजर, वाटीभर बारीक चिरलेला कोबी, 1 कांदा, 1 कडक टोमॅटो, थोडी कैरी, 4 हिरव्या मिरच्या, 4 लसूण पाकळ्या, 3 चमचे दाण्याचं कूट, अर्धं लिंबू, कोथिंबीर. भाजी मी बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारातून आणते. काकडी आणल्यावर देठाकडची चकती आधी खाऊन बघा, कडूपणा तिथे जास्त असतो, कडू लागली तर ती काकडी घालूच नका कारण एका कडू काकडीने सगळं भांडं वाया जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. बहुतेकांची कोशिंबीर इथेच बिघडते, चिरली, मीठ टाकलं, फ्रीजमध्ये ठेवली आणि तासाभराने बघावं तर खाली वाटीभर पाणी आणि वर लिबलिबीत भाजी. मीठ भाजीतलं पाणी ओढून घेतं, मग ते आपणच आधी काढून टाकायचं. काकडी चोचवून घ्या, किसू नका, अर्धा चमचा मीठ लावून 20 मिनिटं चाळणीत ठेवा आणि मग हाताने घट्ट पिळा. ते पाणी फेकू नका हं, ताकात घाला, फक्त ताकात मीठ बेताने टाका. टोमॅटोचा आतला बियांचा गर काढून नुसत्या फोडी घ्यायच्या. कांदा पातळ उभा चिरून बर्फाच्या पाण्यात 10-15 मिनिटं, उन्हाळ कांद्याचा उग्रपणा त्याने बराच उतरतो, कोबीही त्याच पाण्यात टाकला तर मस्त कुरकुरीत होतो. नंतर दोन्ही सुती फडक्यावर कोरडं करा. हे सगळं किसलेलं गाजर आणि कैरीसकट झाकणाच्या डब्यात भरून तासभर फ्रीजमध्ये, आणि वाढायचं स्टीलचं भांडं 10 मिनिटं फ्रीजरमध्ये.

तोपर्यंत तिखटाचं बघू. मिरच्या आणि लसूण खलबत्त्यात जाडसर ठेचा, मिक्सरला पेस्ट होते ती नको. चमचाभर तेलात मोहरी तडतडली की जिरं, हिंग, कढीपत्ता आणि मग ठेचा टाकून मिनिटभर परता. नुसती कच्ची मिरची घातली तर एखाद्याच घासाला तिखट लागते, पण मिरचीचा तिखटपणा तेलात उतरतो आणि तेल प्रत्येक फोडीला लागतं म्हणून परतायची. फोडणी पूर्ण गार होऊ द्या, गरम ओतली की इतका वेळ गार केलेली भाजी लगेच मऊ पडते.

जेवायला बसायच्या 5 मिनिटं आधी गार भांड्यात भाजी, फोडणी, लिंबू, चिमूटभर साखर आणि कोथिंबीर एकत्र करा. मीठ आता चाखूनच, काकडीला आधीच लागलेलं आहे. आणि चाखायचं ते गार असतानाच, कारण थंड पदार्थाची चव जरा दबते, आधी बरोबर वाटलेलं मीठ-तिखट नंतर कमी पडतं. कूट अगदी शेवटी, ते ओल पितं आणि लवकर टाकलं तर चिकट गोळे होतात. दही मी यात घालत नाही, दह्याने तिखट मवाळ होतं, लहान मुलांसाठी मात्र फोडणीआधीच थोडी भाजी बाजूला काढून दह्यात कालवते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये केली तर कैरीऐवजी द्राक्षं अर्धी चिरून घाला, निफाड-दिंडोरीकडची आंबटगोड असतात ती, मिरचीसोबत फार छान जुळतात, फक्त मग साखर आणि लिंबू दोन्ही कमी करा.

उरलीच तर संध्याकाळी थालीपिठाच्या भाजणीत तशीच मळून टाका, वेगळं पाणीही फारसं लागत नाही.